श्टुटगार्टचे बिऱ्हाड

घरातले कोणी विलायतेला निघाले की पूर्वी बॅलार्ड पिअरवर हार घेऊन माणसे जमायची, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात सूटटायमधला फोटो छापून यायचा आणि आगबोट दिसेनाशी झाली की आई पदराने डोळे पुसत घरी परतायची. जाणारा एकटाच जायचा. तीन वर्षांनी एक पदवी, एक ओव्हरकोट आणि काट्या-चमच्याने जेवण्याची सवय घेऊन परत यायचा. आता बायको, मुलगी, प्रेशर कुकर, मिक्सर, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि वर्षभर पुरेल एवढा गोडा मसाला असे सबंध बिऱ्हाडच विमानात चढते.

एकट्या विद्यार्थ्याचे काय, तो पाव-लोण्यावर दिवस काढील. बिऱ्हाड म्हटले की भाडे आले, दूध आले, शाळा आली, दुखणेखुपणे आले, शेजारी आले, आणि मागे राहिलेले आईबापही आले. पगाराचा आकडा रुपयांत करून पाहिला की डोळे दिपतात. पण ज्या घरात तो पगार खर्च व्हायचा ते घर कसे असेल, हे फार थोडे लोक आधी विचारतात.

अमेरिकेतल्या संसारावर मराठीत इतके लिहून झाले आहे की त्यात नव्याने सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. म्हणून आपण जर्मनीकडे वळू, आणि जर्मनीतही दक्षिणेकडच्या श्टुटगार्टकडे. मोटारींचे हे गाव आपल्या ओळखीचे आहे. ज्या मर्सिडीज गाड्या पुण्याजवळ चाकणला जुळवल्या जातात त्यांचे मूळ घर तेच. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, आणि २०१५ पासून महाराष्ट्राचे त्या प्रांताशी, म्हणजे बाडेन-व्यूर्टेम्बेर्गशी, तसेच नाते जुळले आहे. शिवाय जर्मनी आपल्याला अगदीच परकी कधी नव्हती. इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि तेथून डॉक्टरेट घेऊन आल्या. तथापि इरावतीबाईंना तेथे संसार थाटायचा नव्हता. आज थाटणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे.

गाव देखणे आहे. चहूकडून टेकड्या, मध्ये वाडग्याच्या तळाशी वसलेले शहर, आणि शहराच्या हद्दीत चक्क द्राक्षाचे मळे. टेकड्यांवर चढायला चारशेहून अधिक ठिकाणी दगडी जिने बांधलेले आहेत. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढण्याची ज्यांना सवय आहे त्यांना येथे चुकल्यासारखे वाटणार नाही. रस्त्यात भेटलेला म्हातारा 'ग्र्यूस गॉट' म्हणतो. आपल्या रामरामासारखेच त्यातही देवाचे नाव आहे. आणि 'तू' कोणाला म्हणायचे व 'तुम्ही' कोणाला, ही जर्मन भाषेतली भानगड, जी इंग्रज माणसाला जन्मभर छळते, ती मराठी माणसाला पहिल्या दिवशी कळते.

पण घर मिळवताना रामराम पुरत नाही. तेथे घराची मोजणी खोल्यांवर होते आणि त्या मोजणीत स्वयंपाकघर व न्हाणीघर धरत नाहीत. 'तीन खोल्यांचे घर' अशी जाहिरात असली की आपल्याकडचे दोन बेडरूम, हॉल, किचन समजावे. जागा चौरस मीटरमध्ये सांगतात. ७५ चौरस मीटर म्हणजे साधारण ८०७ चौरस फूट, आणि हे घराच्या आतले क्षेत्रफळ असते. जिना, लिफ्ट आणि वॉचमनची खुर्ची घराच्या मापात घालून विकण्याची आपल्याकडची कला तेथे कोणाला साधलेली नाही. आपल्याकडेही २०१६ च्या कायद्याने चटई क्षेत्र सांगणे सक्तीचे झाले, परंतु बोलताना अजून आपली मंडळी जुनेच आकडे फेकतात आणि मग तिकडचे घर त्यांना उगीचच लहान वाटते.

भाडे दोन प्रकारचे असते, 'थंड' आणि 'उष्ण'. ही थट्टा नव्हे, कायद्याच्या कागदावरचे शब्द आहेत. थंड भाडे म्हणजे नुसत्या भिंतींचे. त्यात हिवाळ्यातली ऊब, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा यांचा खर्च मिळवला की उष्ण भाडे होते. विजेचे बिल याहून वेगळे. वर्षाच्या शेवटी घरमालक ऊबेचा आणि पाण्याचा हिशेब पाठवतो आणि जास्त खर्च झाला असेल तर फरक मागतो. हिवाळाभर घरात बनियनवर वावरणाऱ्या कुटुंबाला त्या दिवशी जर्मन थंडीची किंमत कळते. अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी. तीही तीन हप्त्यांत देण्याची मुभा आहे. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या कराराची, आणि दर अकराव्या महिन्याला पोटात उठणाऱ्या गोळ्याची, तेथे गरज नाही. करार बहुधा बेमुदत असतो. घर सोडायचे तर भाडेकरूने तीन महिने आधी कळवायचे. मालकाला मात्र सबळ कारण दाखवावे लागते, आणि भाडेकरू आठ वर्षे राहिलेला असेल तर नऊ महिन्यांची सूचना द्यावी लागते. भाड्याच्या घरात सबंध आयुष्य काढलेली सुखवस्तू माणसे तेथे पुष्कळ आढळतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. स्वतःचा ब्लॉक झाल्याशिवाय मुलाचे लग्न ठरत नाही अशा गावातून गेलेल्या माणसाला हे पचवायला वेळ लागतो.

एवढे सगळे जमून किल्ली हातात आली की गृहिणी उत्साहाने स्वयंपाकघर पाहायला जाते, आणि तेथे काहीही नसते. ओटा नाही, शेगडी नाही, कपाट नाही, मोरीही नाही. भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे दोन नळ आणि छतातून लोंबणाऱ्या विजेच्या तारा, एवढेच. जर्मन माणूस घर बदलताना आपले स्वयंपाकघर उचकटून बरोबर नेतो! नशीब असेल तर आधीचा भाडेकरू ते तेथेच ठेवून आपल्याला विकत देऊ करतो. पहिल्या महिन्याच्या अंदाजपत्रकात हा खर्च कोणी धरलेला नसतो.

शेगडीही आपल्या ओळखीची नाही. बहुतेक घरांत गॅस नसतो. काचेचा सपाट, काळा, विजेवर तापणारा तक्ता असतो. त्यावर आपली गोल बुडाची कढई डुगडुगते आणि मधे खोलगट झालेला आवडता तवा नुसता कडेने तापतो. फुलका जाळावर फुगवायचा तर जाळच नाही. ज्या बायका हुशार असतात त्या निघण्यापूर्वीच तुळशीबागेतून सपाट बुडाची भांडी घेतात आणि जाळी बरोबर ठेवतात. मिक्सर मात्र बेलाशक न्यावा. विजेचा दाब दोन्हीकडे २३० व्होल्टच आहे, नुसता प्लग बदलून काम भागते. अमेरिकेला नेलेला मिक्सर जसा तेथे गेल्यावर निकामी ठरतो तसे येथे होत नाही. फोडणीचे प्रकरण जरा नाजूक आहे. झोपण्याच्या खोल्यांत आणि त्यांना जोडणाऱ्या बोळात धुराची सूचना देणारी घंटा बसवणे त्या प्रांतात कायद्याने सक्तीचे आहे. हिंग-मोहरीत दोन लाल मिरच्या जरा करपल्या की ही घंटा जो आक्रोश करते, त्यापुढे आपली कुकरची शिटी म्हणजे बासरीच.

शिधा मिळतो. तांदूळ, तूरडाळ, पोहे, अगदी नाचणीचे पीठसुद्धा आशियाई दुकानांत मिळते. तेथल्या नेहमीच्या दुकानातले गव्हाचे पीठ मात्र नुसते 'पीठ' नसते. त्यावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. आकडा लहान तितके पीठ पांढरे. ४०५ म्हणजे आपला मैदाच, आणि त्याची पोळी गार झाली की चामड्यासारखी होते. एक पदार्थ मात्र आपल्या पथ्यावर पडणारा आहे. 'क्वार्क' नावाचा दह्यासारखा एक घट्ट प्रकार तेथे डब्यातून स्वस्त मिळतो. तो आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ आहे. साखर, वेलची, केशर घातले की श्रीखंड तयार, रात्रभर पंचा टांगून ठेवायला नको. श्टुटगार्टच्या मराठी घरांत पाडव्याला पाहुण्यांसाठी जे श्रीखंड होते ते बहुतेक याचेच.

न्हाणीघराबद्दल थोडक्यात सांगतो. जमिनीला उतार नाही आणि पाणी जायला मोरीही नाही. शॉवरखालच्या चौकटीबाहेर बादली उपडी केलीत तर पाणी खालच्या बिऱ्हाडात. पिण्याचे पाणी मात्र सरळ नळाचे प्यावे. त्यातले बरेच दूरवरच्या बोडेन सरोवरातून नळाने आणलेले असते, आणि टँकर, पंप, फिल्टर हे शब्द तेथील मुलांना समजावून सांगावे लागतात.

आता शेजार. या भागातली एक प्रथा ऐकून गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला गहिवरून येईल. तिला 'केरवोखं' म्हणतात, म्हणजे केर काढण्याचा आठवडा. मजल्यावरच्या बिऱ्हाडांची पाळी लावलेली असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी येऊन लटकते. त्याने त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, पुसायचा. मोठी पाळी असेल तर तळघर, फुटपाथ आणि हिवाळ्यात दारासमोरचे बर्फसुद्धा. या शिस्तीचे मूळ १४९२ सालच्या शहराच्या नियमात दाखवतात. म्हणजे कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागत होता त्या वर्षी श्टुटगार्टकर आपापल्या दारातली घाण उपसत होते. डॉक्टर असो, इंजिनियर असो, पाळी चुकत नाही. आपल्याकडे चाळीत पाळीवरून भांडणे व्हायची ती तोंडाने. तेथे ती चिठ्ठीने होतात. शेजारीण हसून नमस्कार करील, आणि संध्याकाळी आपल्या टपालपेटीत 'जिन्याचा कोपरा राहिला आहे' अशी सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी सापडेल.

शांततेचेही नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नाही. पुष्कळ घरांच्या नियमावलीत दुपारी एक ते तीनही शांतता. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही आणि काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण त्या पडताना वाजतात. दुकानेही रविवारी बंद. रविवारची विश्रांती १९१९ च्या राज्यघटनेत लिहिलेली होती आणि ते कलम १९४९ च्या घटनेने जसेच्या तसे उचलले. शनिवारी संध्याकाळी कोथिंबीर संपल्याचे ध्यानात आले नाही तर रविवारची आमटी बिनकोथिंबिरीची. या सगळ्या शांततेत लहान मुलांचे काय होत असेल, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. तो जर्मनांनाही पडला. पाळणाघरे आणि खेळण्याची मैदाने यांतून येणारा मुलांचा आवाज हा सहसा उपद्रव समजू नये, असे त्यांना २०११ मध्ये कायद्यात लिहून ठेवावे लागले.

पगाराकडे वळतो, कारण निघताना सर्वांची नजर तिकडेच असते. समजा, गृहस्थाला महिना पाच हजार युरो पगार आहे. २०२५ मध्ये युरो शंभर रुपयांच्या घरात गेला. म्हणजे पाच लाख रुपये! पुण्यातल्या आत्याबाई हा आकडा सगळ्या पेठेत सांगून येतात. आता यातून प्राप्तिकर जातो. निवृत्तिवेतनासाठी १८.६ टक्के आणि आजारविम्यासाठी १४.६ टक्के व वर थोडे कापतात. यांतला निम्मा भार मालक उचलतो, निम्मा आपला. बेकारीचा विमा आणि म्हातारपणच्या शुश्रूषेचा विमा निराळा. एकटाच कमावता, विवाहित, एक मूल असे धरले तर हातात साडेतीन हजारांच्या आसपास पडतात. 'धर्म कोणता' असे फॉर्मवर विचारलेले पाहून काहीजण बिचकतात. त्याचा संबंध चर्चच्या कराशी असतो आणि हिंदूला तो पडत नाही. मुलामागे सरकार महिन्याला भत्ता देते. २०२५ मध्ये तो २५५ युरो होता. या रकमेतून दीड हजाराचे उष्ण भाडे, दोघांचे प्रवासाचे मासिक पास, वीज, वाणसामान, आणि घरी रेडिओ असो वा नसो, दर घरामागे द्यावी लागणारी प्रसारण वर्गणी (२०२१ मध्ये ती १८.३६ युरो झाली) असे सर्व वजा करून हजारभर युरो उरतात. थोडे नाहीत. पण आत्याबाईंनी सांगितलेला आकडा तो नव्हे.

आणि या हिशेबात एक बाजू अशी आहे जी पगारपत्रकावर येत नाही. पुण्यात भांडी-धुणे करायला येणारी बाई, इस्त्रीवाला, दारात भाजी देणारा, दूधवाला, मुलीला शाळेत नेणारे रिक्षाकाका या माणसांच्या श्रमावर आपली मध्यमवर्गीय सुबत्ता उभी आहे, आणि त्यांना आपण काय देतो ते आपल्याला ठाऊक आहे. जर्मनीत २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होते. घर पुसायला माणूस लावायचा तर तासाला याहून कमी देणे गुन्हा आहे. म्हणून सारे घरकाम नवराबायकोत येते. तेथे गेल्यावर पुष्कळ मराठी नवऱ्यांना केरसुणी धरता येऊ लागते, हा या स्थलांतराचा एक चांगला परिणाम मानायला हरकत नाही. सोळा वर्षांचा शेजारचा मुलगा पेपर टाकताना दिसतो आणि नळ दुरुस्त करणारा माणूस स्वतःच्या मोटारीतून येतो. त्याचे बिल पाहिल्यावर ती मोटार कुठून आली हे कळते.

गृहिणीचा विषय निघालाच आहे तर जरा थांबायला हवे, कारण माझ्या मते या सगळ्या तुलनेत सर्वांत कमी बोलले जाते ते तिच्याविषयी. कायदा तिच्या बाजूचा आहे. नवरा 'ब्ल्यू कार्ड'वर गेला तर बायकोला पहिल्या दिवसापासून नोकरी करण्याचा हक्क मिळतो. अमेरिकेत वर्षानुवर्षे घरी बसून राहिलेल्या उच्चशिक्षित बायकांच्या मानाने ही फारच चांगली गोष्ट. पण हक्क आणि नोकरी यांत भाषा उभी असते. संगणकातली असेल तर इंग्रजीवर निभावते. शिक्षिका असेल, वकील असेल, तर बहुधा पुन्हा श्रीगणेशा. डॉक्टर असेल तर आधी जर्मन, मग दवाखान्यातल्या जर्मनची वेगळी परीक्षा, आणि पुष्कळदा वैद्यकाची परीक्षा पुन्हा. यात दोन-तीन वर्षे सहज जातात. पुण्यात बारा वर्षे प्रॅक्टिस केलेली बाई तिकडे दुकानात पावाचे नाव नीट उच्चारता आले म्हणून आनंदते, यात गंमत आहे तसे दुःखही आहे. निघण्याचे ठरले की भांडीकुंडी बांधण्याआधी दोघांनीही मॅक्स म्यूलर भवनात नाव घालावे. तिने तर आधीच. नवरा दिवसभर कचेरीत इंग्रजी बोलत असतो. शाळेच्या बाई, डॉक्टर, घरमालक आणि जिन्याच्या चिठ्ठ्या यांना तोंड द्यायचे असते तिला.

दुखण्याखुपण्याच्या बाबतीत आपल्या लोकांची पहिली तक्रार अशी की डॉक्टर औषध देत नाही. ताप आहे, घसा धरला आहे. डॉक्टर म्हणतो, गवती चहा प्या, झोपून राहा, हा आजारीपणाचा दाखला. इकडे मात्र कोपऱ्यावरचा केमिस्ट चिठ्ठीविना जी गोळी देतो तिच्यासाठी तेथे जीव काढावा लागतो. तज्ज्ञाची वेळ मिळायला आठवडेच्या आठवडे जातात. परंतु एकदा खरोखर आजारी पडले की दुसरी बाजू दिसते. इस्पितळात दाखल व्हायला अनामत मागत नाहीत. दिवसाला १० युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. सहा आठवडे पूर्ण पगार चालू. न कमावणारी बायको आणि मुले यांचा विमा त्याच वर्गणीत. बाळंतपणानंतर सुईण घरी येऊन बाळबाळंतिणीला पाहून जाते आणि तिचा खर्चही विमाच देतो. आपल्याकडे एका मोठ्या दुखण्याने निवृत्त माणसाची सारी शिल्लक कशी वाहून जाते हे प्रत्येक घराला माहीत आहे. ते भय तेथे नाही. माझ्या दृष्टीने पगाराच्या फरकापेक्षा हा फरक मोठा आहे.

मुलांना सहाव्या वर्षी शाळा. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात त्याच्या उंचीला शोभेल असा कागदी शंकू देतात, आत खाऊ आणि पेन्सिली. सरकारी शाळा फुकट, आणि सर्व थरांतली मुले तिच्यातच. पहिलीतले मूल काही दिवसांतच एकटे, पायी शाळेला जाऊ लागते. आईला खिडकीत उभे राहून धीर धरावा लागतो. येथवर सर्व गोड. कडू भाग चौथीत येतो. आपल्याकडे मुलाचे नशीब दहावीत ठरते असे आपण मानतो. तेथे ते दहाव्या वर्षी ठरल्यासारखे वाटते. चौथीनंतर मुले वेगवेगळ्या शाळांत जातात. विद्यापीठाकडे नेणारी 'गिमनाझियुम', मधली 'रेआलशूले' आणि आणखी दोन-तीन प्रकार. या प्रांतात २०२५ पासून नुसती आईबापांची इच्छा गिमनाझियुमला पुरत नाही. शिक्षकांची शिफारस किंवा चौथीतल्या चाचणीचा निकाल, यांपैकी एकाची तरी जोड लागते, नाहीतर आणखी एक परीक्षा. मूल चार वर्षांचे असताना गेले तर काळजी नको, वर्षभरात ते आईच्या जर्मनला हसू लागेल. नऊ वर्षांचे असताना नेले तर भाषा शिकायची आणि चाचणीही द्यायची, असा दुहेरी भार त्याच्यावर पडतो. निघण्याचे वर्ष ठरवताना कंपनीच्या सोयीपेक्षा मुलाची इयत्ता पाहावी असे मला वाटते ते यासाठी.

तथापि गिमनाझियुम हुकले म्हणून घरात सुतक पाळण्याचे कारण नाही. रेआलशूलेतून पुढे वळून विद्यापीठापर्यंत जाता येते. आणि जो जात नाही तो तीन-साडेतीन वर्षे कारखान्यात उमेदवारी व शाळा असे दोन्ही करतो, त्या काळात पगारही घेतो, आणि नंतर त्याच मर्सिडीजच्या कारखान्यात मान वर करून काम करतो. आपल्या मध्यमवर्गाला हे उमजत नाही. हाताने काम करणारा मुलगा म्हणजे वाया गेलेला मुलगा, ही समजूत आपण सामानाबरोबर नेतो आणि तिला विमानात वजनाची मर्यादा नाही.

राहिले आईबाप. मुलगा परदेशी गेलेल्या घरात दोन माणसे आणि तीन खोल्या उरतात. पहिली काही वर्षे ती हौसेने येऊन जातात. पण पाहुण्याच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि तेवढ्यापुरता ३०,००० युरोंचा विमा काढावा लागतो. सुनेचे बाळंतपण करायला गेलेली आई बाळ हसू लागते न लागते तोच परत फिरते. पुढे एक जण उरतो, गुडघे धरतात, आणि 'कायमचे या' असे म्हणण्याची वेळ येते. १ मार्च २०२४ पासून जर्मनीने यासाठी दार किलकिले केले आहे. त्या तारखेस किंवा नंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिला परवाना मिळाला त्यांना आपल्या आईवडिलांना, आणि पती-पत्नी दोघेही तेथे असतील तर सासूसासऱ्यांनाही, बोलावून घेता येते. जे त्या आधी पाच-दहा वर्षे तेथे राबत आहेत त्यांना मात्र हा लाभ नाही! आणि ज्यांना आहे त्यांच्याही वाटेत आजारविमा आडवा येतो. बायकामुलांना फुकट सामावून घेणारा तो उदार विमा आईबापांना घेत नाही. सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या माणसाला खासगी विमा कंपनी एकतर नाकारते किंवा असा हप्ता सांगते की मघाचे उरलेले हजार युरो त्यातच जावेत. विम्याचा कागद नाही तर परवाना नाही.

आणि समजा सगळे जमले, आईबाप आले. पुढे काय? डिसेंबरात तेथे सव्वाआठ तासांचा दिवस असतो. आठ वाजून गेल्यावर उजाडते आणि साडेचारला दिवेलागण. सून-मुलगा कामावर, नात शाळेत. जिन्यात भेटणारी शेजारीण हसते पण तिची भाषा येत नाही, आणि आधी कळवल्याशिवाय कोणी कोणाच्या घरी जात नाही. सदाशिव पेठेत ज्या गृहस्थांना सकाळच्या फेरीत वीस माणसे हाका मारतात त्यांना तेथे कोण हाक मारणार? काहीजण रुळतात. नातीला मराठी शिकवतात, ट्रॅमचा पास घेऊन गावभर हिंडतात, बागेतल्या बाकावर एखादा तुर्की म्हातारा गाठून खुणांच्या भाषेत मैत्री करतात. पुष्कळसे मात्र एका हिवाळ्यानंतर परतीचे तिकीट मागतात. म्हणून विचारी कुटुंबे आता हा प्रश्न जाण्यापूर्वीच घरात बसून बोलतात. भाऊबहीण कोण मागे आहे, रात्री दोन वाजता इस्पितळात कोण नेईल, किती वर्षांसाठी जायचे. 'पाहू पुढचे पुढे' असे म्हणून गेलेल्या घरांत पुढे एकमेकांना दोष देण्याची वेळ आलेली दिसते.

नागरिकत्वाचाही निर्णय याच सुमारास दारात येतो. ब्ल्यू कार्डवाल्याला २७ महिन्यांत, आणि जर्मन बऱ्यापैकी आली तर २१ महिन्यांतच, कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो; पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येते. २०२४ पासून जर्मनी जुना पासपोर्ट टाकायला सांगत नाही. पण आपला देश दोन पासपोर्ट चालू देत नाही, तेव्हा भारतीय पासपोर्ट परत करणे आलेच. कोणी घेतात, कोणी कायम परवान्यावर थांबतात. बापाने थांबावे आणि मुलीने घ्यावे, अशीही घरे आहेत.

आता दिवाळी. तिची सुटी नाही, हे सांगायला नकोच. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान शॉवरखाली उरकून माणसे सातची गाडी पकडतात. घरून फराळ पाठवायचा असेल तर लक्षात ठेवावे की युरोपबाहेरून दूध-खव्याचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे-बर्फी नको. चकली, चिवडा, शंकरपाळे पाठवावे. टपालाने भेट म्हणून पाठवलेल्या पार्सलची किंमत ४५ युरोंच्या आत असली तर जकात पडत नाही. आकाशकंदील लावायला कोणाची हरकत नसते, उलट शेजारी चौकशी करतात आणि चकलीचे नाव विचारतात. फुलबाज्या चालतात. पण खरे फटाके सामान्य माणसाला वर्षातून ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी या दोनच दिवशी उडवता येतात, आणि दुकानात ते त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांतच येतात. त्यामुळे तेथे वाढणाऱ्या मराठी मुलांची दिवाळी दोन हप्त्यांत होते. लाडू आश्विनात, आणि सुतळी बॉम्ब बर्फात उभे राहून, हातमोजे घालून.